बाहेरची कडी

ऐका. हात चालू राहू द्यात, शेंगा तोडत राहा, पण कान इकडं द्या. मघाशी कोण म्हणालं, की उद्या रात्रीच निघू आणि भोकरखिंडीनं खाली उतरू, नाक्यावर पहिली गाडी मिळंल? दीड तास वाचतो म्हणं. वाचतो की. वाट जवळची आहे, कोण नाही म्हणतंय. पण आधी ऐका, मग काय ते ठरवा.

ही गोष्ट ऐकीव नाही बरं का. तातोबा सुताराची आहे, आणि त्यानं स्वतः सांगितलेली आहे, ह्याच अंगणात बसून. तुम्ही पोरांनी तातोबाला बघितलेलं नाही. पण तुमच्या निम्म्या घरांच्या चौकटी त्याच्या हातच्या आहेत. हात असा, की त्यानं लावलेलं दार कधी कुरकुरलं नाही. माणूस मात्र भित्रा. भांडण दिसलं की वाट बदलणारा.

त्या दिवशी तातोबा वरच्या वाडीला चौकट बसवायला गेला होता. काम लांबलं. दिवेलागण झाली. घरची माणसं म्हणाली, सुतारकाका, आता कुठं अंधारात निघता, भाकरी खा, पडा इथंच. तातोबा म्हणाला, नाही, मला खिंड उतरून नाक्यावर जायचंय, तिथं जीप थांबलीय माझ्यासाठी. उद्या कोर्टात साक्ष आहे माझी.

साक्ष म्हटल्यावर कुणी पुन्हा आग्रह केला नाही. म्हातारीनं तेवढं कंदिलात तेल घालून दिलं. तातोबानं हत्यारांची पिशवी खांद्याला मारली, रंधा, वाकस, पटाशी, हातोडी, सगळं ओझं घेऊन निघाला.

आता साक्ष कसली, ते ऐका. ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपल्या शिरळवाडीत त्या वेळी सर्जेरावाचं राज्य. पंधरा वर्षं सरपंच. त्याचा पुतण्या दिनकर. दिनकरची बायको हौसा. डोंगरातली पोर, बापाचं नाव दौलू, चार वाफे नाचणीचा धनी. पोर कामाला वाघीण, बोलायला गोड. आणि दिनकर तिला मारायचा. गावाला ठाऊक होतं का? होतं. आडावर तिचा सुजलेला डोळा सगळ्या बायका बघायच्या आणि बादली सोडायच्या. एकदा तिचा हात मोडला. मोडलेला हात फडक्यात बांधून ती पोर एकटी चालत चौकीवर गेली. तिथल्या जमादारानं लिहून घेतलं, आणि दिनकरला बोलावून घेऊन तिला त्याच्याच मागं गाडीवर बसवून परत पाठवलं. घरचं भांडण घरात मिटवा म्हणाला. ती आठ दिवसांनी पुन्हा गेली. पुन्हा परत पाठवली. तिसऱ्यांदा जायला ती उरली नाही.

चैतातली सकाळ होती. सर्जेरावाच्या वाड्यामागं धान्याची खोली होती, तिच्यातनं धूर निघाला. तातोबाला हत्यारं घेऊन बोलावलं. दार निघालं. हौसा गेलेली होती.

दुपारी जमादार आला. पंचनामा लिहिला. त्यात लिहिलं, की दार आतून कडी घालून बंद होतं, तातोबा सुतारानं फोडून उघडलं, बाईनं स्वतःला कोंडून घेऊन पेटवून घेतलं. तातोबाला म्हणाला, कर सही.

आणि तातोबाला तर ठाऊक होतं. दार आतून बंद नव्हतंच. कडी बाहेरची होती. बाहेरून कोयंड्यात घातलेली. ती कडी तातोबानं स्वतःच्या बोटानं काढली होती. दार फोडलं ते नंतर, सर्जेरावानं सांगितलं म्हणून, फोडल्यासारखं दिसावं म्हणून. तातोबानं सर्जेरावाकडं बघितलं. सर्जेराव हळू आवाजात एवढंच म्हणाला, की तुझं कामाचं छप्पर आमच्या जागेत आहे, ध्यानात ठेव. तातोबानं सही केली.

तिथंच संपायचं. पण हौसाचा बाप दौलू, तो काही ऐकंना. त्याला लिहाय-वाचाय येत नव्हतं. पोरीनं चौकीवर दिलेल्या अर्जाची नक्कल कुणाकडनं तरी मिळवली, आणि ती छातीशी धरून जिल्ह्याच्या साहेबाच्या दारात जाऊन बसला. हाकलला की परत जायचा. सात वेळा गेला. सातव्यांदा साहेब बदललेला होता, नवा होता, त्यानं अर्ज वाचला. मग तपास झाला, दिनकरवर खुनाचा खटला उभा राहिला. दिनकर जामिनावर सुटला. अडीच वर्षं तारखा पडल्या. आणि सगळा खटला येऊन अडला एका कडीवर. कडी आतून होती, की बाहेरून? ते सांगायला कागदावर नाव होतं एकाच माणसाचं. तातोबा.

दिनकरच्या वकिलानं त्याला पढवून ठेवलं होतं. जास्त बोलायचं नाही. एकच वाक्य बोलायचं. दार आतून बंद होतं.

ते वाक्य पाठ करत करत तातोबा खिंडीकडं निघाला.

अमावास्या जवळ आलेली. कंदिलाचा उजेड चार पावलं. वारा नाही. रातकिडासुद्धा ओरडत नव्हता, तातोबा सांगायचा. आपल्याच वहाणांचा आवाज ऐकत तो चालला होता, आणि तोंडानं चाललं होतं, दार आतून बंद होतं, दार आतून बंद होतं.

आणि थाप आली.

लाकडावर हात मारल्यासारखी. थप थप. मग थोडा वेळ काही नाही. मग एक, थप.

तातोबा थांबला. त्याला वाटलं, कुणाच्या झोपडीची फळी सुटली असंल. पण खिंडीत झोपडी कुठली? आणि वारा नसताना फळी वाजंल कशी? तो म्हणाला, असंल काहीतरी. निघाला. चार पावलं गेला की परत. थप थप. आणि एक, थप. पुढनं आली म्हणावं तर मागनं आल्यासारखी, मागं बघावं तर बाजूनं. पण लाकूड कसलं, ते सुताराच्या कानाला बरोबर कळत होतं. शिसव. जाड फळी. दाराची.

त्यानं ती थाप ओळखली होती. पण स्वतःला सुद्धा तसं म्हणाला नाही तो. पाय उचलले.

खिंडीच्या तोंडाशी वीज पडून फाटलेलं एक भोकराचं झाड आहे. अजून आहे. ते झाड त्यानं ओलांडलं. मग उतार लागला पाहिजे. उतार लागला नाही. चालला, चालला, आणि पुढं काय, तर तेच फाटलेलं झाड. बरं, अंधारात चुकलो म्हणाला. पुन्हा चालला, ह्या वेळी डाव्या हाताला डोंगराची कड धरून. घामानं सदरा भिजला. आणि पुढं उभं तेच झाड. तिसऱ्यांदा त्यानं खोडावर पटाशीनं खूण केली आणि निघाला. पंधरा मिनिटांनी झाड आलं, कंदील वर धरला, तर खूण होती. आणि तिच्या शेजारी दुसरी खूण होती. तशीच. पण नखानं ओरबाडलेली.

चकवा. जाणत्या माणसाला चकवा कळतो. तातोबा खाली बसला. जुनी माणसं सांगतात तसं त्यानं उजवी वहाण डाव्या पायात आणि डावी उजव्या पायात घातली. वाघजाईचं नाव घेतलं. म्हटलं, एक विडी ओढू, जीव जाग्यावर येईल, मग बघू. काडी ओढली.

काडीचा उजेड पडला आणि विडीचा नव्हे, रॉकेलचा वास आला. असा भपकन, की कुणी अंगावर डबा उपडा केलाय. त्यानं काडी फेकली. सदरा हुंगला, हात हुंगले. हाताला वास होता.

त्या अंधारात कुणी तरी म्हणालं, "सुतारमामा, नाक्याला निघालात?"

कुठनं आली, कधी आली, कळलं नाही. वाटेवर पुढं दहा पावलांवर एक बाई. पाठमोरी. डोक्यावरनं पदर. एक हात फडक्यात बांधून गळ्यात अडकवलेला.

आता तुम्ही म्हणाल, पळाला का नाही? अहो, पळणार कुठं? मागं जावं तर झाड, पुढं जावं तर ती. आणि पाय त्याचे राहिलेच नव्हते. ती चालायला लागली तसे ते पाय तिच्या मागं चालायला लागले. कंदील कधी विझला, तेही कळलं नाही, पण वाट दिसत होती. कशाच्या उजेडानं, ते नका विचारू.

चालता चालता तिनं विचारलं, उद्या कोर्टात काय सांगणार म्हणून. तसं साधंच विचारलं. घरात विचारतात, आज काय भाजी करायची, तसं. तातोबाच्या तोंडनं पाठ केलेलं बाहेर पडलं, दार आतून बंद होतं. ती म्हणाली, नीट ऐकू आलं नाही, परत सांगा. त्यानं परत सांगितलं. ती म्हणाली, अजून एकदा. प्रत्येक वेळी त्याची जीभ जड व्हायची. तोंडात राख भरल्यासारखी. पाचव्यांदा सांगताना तो खोकला, आणि थुंकला, तर काळं पडलं.

मग ती थांबली. तोंड फिरवलं नाही तिनं. शेवटपर्यंत तोंड दाखवलं नाही, आणि तातोबा म्हणायचा, तेवढी एकच दया तिनं माझ्यावर केली.

म्हणाली, "मामा, आमचं एक दार अडकलंय. हत्यारं हायतच संगं. जरा बघता का?"

आणि खिंडीच्या मध्यावर, जिथं नुसता कातळ आहे, तिथं दार उभं.

चौकटीसकट दार. मागं खोली. तातोबानं ते दार ओळखलं. ओळखणार नाही कसा? त्यानंच केलं होतं. सर्जेरावाच्या धान्याच्या खोलीचं दार. वरच्या फळीवर रंधा अडखळला होता, तिथं राहिलेला ओरखडा सुद्धा होता. कडी बाहेरून घातलेली. आणि आतनं थाप येत होती. थप थप. थप.

ती म्हणाली, काढा की. एका बोटाचं काम आहे.

त्यानं बोट लावलं. कडी निघाली. दार उघडलं. तो सांगायचा, मला वाटलं आत ती असंल. आत कोणी नव्हतं. वाकून बघायला गेलो तर पिशवी खांद्यावरनं उतरली, कुणी काढून घेतल्यासारखी, आणि मी आत. दार लागलं. आणि कडी बाहेरून पडली.

त्या कडीचा आवाज, तातोबा म्हणायचा, जगातल्या सगळ्या आवाजांत वाईट. मी आयुष्यभर लोकांच्या दारांना कड्या लावल्या, म्हणायचा, पण आत उभं राहून बाहेरच्या कडीचा आवाज कधी ऐकला नव्हता.

आत काळोख. पोत्यांचा वास. मग धूर. आधी जमिनीलगत, मग गुडघ्याला, मग छातीला. तातोबानं दारावर हात मारला. दोन्ही हात मारले. ओरडला. घशात धूर गेला, ओरडणं बंद झालं, मग नुसते हात. थप थप. दम गेला की थांबायचा. आणि मग एक, थप.

तेव्हा बाहेर माणसं आली.

पायांचे आवाज. बरीच माणसं. कुणी तरी धावत आलं आणि जमिनीवर पिशवी टाकली, आत हत्यारं वाजली. तातोबाला वाटलं, सुटलो. कुणी तरी सुतार आला. त्यानं जीव खाऊन थाप मारली.

बाहेर सर्जेरावाचा आवाज आला. घाई करू नका म्हणाला. पोलीस येऊ द्यात.

मग दुसरा एक आवाज आला. भ्यालेला. "सर्जेराव, आतनं थाप येतीया. जिती हाय ती."

तो आवाज तातोबाचा होता. त्याचा स्वतःचा. तो आत धुरात उभा, आणि त्याचाच आवाज दाराबाहेर.

सर्जेराव म्हणाला, "येऊ दे थाप. तू थांब."

आणि तातोबाचा आवाज म्हणाला, "बरं."

एवढंच. बरं.

हे ऐकलंत ना? हे अडीच वर्षं कुणाच्या तोंडातनं निघालं नव्हतं. पंचनाम्यात नव्हतं, तपासात नव्हतं. त्यानं बायकोला सुद्धा सांगितलेलं नव्हतं. कडी बाहेरून होती, एवढंच त्याच्या मनाला खातंय असं तो स्वतःला सांगायचा. कडीच्या मागं त्यानं ही थाप लपवून ठेवली होती. त्या सकाळी तो पोचला तेव्हा हौसा जिवंत होती. कडी त्याच्या हातापासून वीतभर लांब. पिशवी पायाशी. आणि तो उभा राहिला. थाप दोनाची एक झाली. मग थांबली. थांबल्यावर सर्जेराव म्हणाला, आता काढ.

आत धुरात तातोबानं फळीला कान लावला. बाहेर त्याचाच आवाज जमादाराला सांगत होता, दार आतून बंद होतं साहेब, मी डोळ्यांनी बघितलं. आणि जमादाराच्या कागदावर पेन चालल्याचा आवाज. एवढ्या धुरात, एवढ्या जाड फळीतनं, पेनाचा आवाज!

तातोबानं फळीला तोंड लावलं. उरलेला सगळा श्वास गोळा केला. आणि आतनं ओरडला, "कडी बाहेरून हाय!"

बाहेर सगळं गप्प. पण कडी हलली नाही.

तेवढ्यानं भागणार नव्हतं. त्यालाही कळलं. तो सांगायचा, त्या वेळी मरण बरं वाटत होतं, पण ते बोलणं नको वाटत होतं. छातीत श्वास उरला नव्हता. फळीवर कपाळ टेकून तो बोलला, ओरडला सुद्धा नाही, बोलला, "ती जिती होती. मी ऐकलं. मी उघडलं न्हाई."

एका बोटानं कडी निघाल्याचा आवाज आला.

तो तोंडावर बाहेर पडला.

डोळे उघडले तेव्हा झुंजूमुंजू झालं होतं. थंडगार वारा. गाल कातळावर. आणि उजवा हात, ऐका नीट, उजवा हात खांद्यापासून हवेत लोंबत होता. खाली काही नाही. भोकरखिंडीचा तो तुटलेला कडा, दोनशे हात खोल. अजून अर्धी कूस वळला असता तर आपण त्याला खालनं टोपलीत भरून आणला असता. दार नाही, खोली नाही. पिशवी मागं दहा पावलांवर पडलेली. दोन्ही तळहातांना फोड आलेले, विस्तवात धरल्यासारखे. आणि वहाणा? उलट्या घातलेल्या होत्या ना? त्या सुलट होत्या, कड्यापासून लांब, एकाशेजारी एक नीट ठेवलेल्या.

तो रांगत मागं सरकला. उठला. खिंड उतरला. कसा उतरला, त्याला आठवत नव्हतं.

नाक्यावर जीप रात्रभर थांबलेली. सर्जेराव आत, डोळे तांबारलेले. दिनकर टपरीवर चहा पीत उभा. सर्जेरावानं दार उघडलं आणि म्हणाला, बस, किती उशीर. मग त्याचं लक्ष हातांकडं गेलं. काय झालं म्हणून विचारलं. तातोबा जीपच्या उघड्या दाराकडं बघत उभा राहिला. मग रस्त्याच्या पलीकडं गेला आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन बसला. भित्रा तातोबा! ज्यानं आयुष्यात सर्जेरावाला नाही म्हटलं नव्हतं. सर्जेराव जीपमधनं उतरला, जवळ आला, छपराचं काहीतरी बोलला. तातोबा म्हणाला, पाडा छप्पर.

कोर्टात काय झालं, ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. सरकारी वकिलानं विचारलं, कडी कुठनं होती. तातोबा म्हणाला, बाहेरून. दिनकरचा वकील उसळून उठला. उलटतपासणीत म्हणाला, अडीच वर्षं एक सांगता, आज दुसरं, हे कुणी शिकवलं? तातोबा म्हणाला, शिकवलं होतं ते दुसरंच, आणि ते तुम्हीच शिकवलं होतं. वकील खाली बसला. बसायला नको होतं त्यानं, कारण तातोबा थांबला नाही. कुणी विचारलेलं नसताना जज्जसाहेबांकडं वळून म्हणाला, साहेब, अजून एक राहिलंय.

आणि सांगितलं. थापेचं. बरं म्हटल्याचं.

कोर्टातला टंकलेखक लिहिता लिहिता थांबला. जज्जसाहेबांनी चष्मा काढला. पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी परत विचारलं, बाई जिवंत होती तेव्हा तुम्ही दाराशी होता? होतो. कडी हाताला येत होती? येत होती. मग का नाही काढली? तातोबा म्हणाला, मला थांब म्हणाले. मी थांबलो.



दिनकरला जन्मठेप झाली. सर्जेरावावरही खटला झाला, तो आत गेला तो आजारी होऊनच बाहेर आला. जमादाराची नोकरी गेली, आणि पुढं शिक्षाही झाली. आणि तातोबा? त्याला काय सोडलं होय? खोट्या पंचनाम्यावर सही केली होती त्यानं. त्याच्यावरही खटला भरला. त्यानं वकील दिला नाही. गुन्हा कबूल आहे म्हणाला, वर्षभर जेल भोगली. माफीचा साक्षीदार करा म्हणून कुणाच्या पाया पडला नाही.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर दौलू उभा होता. हौसाचा बाप. तातोबानं त्याच्यापुढं हात जोडले, फोड आलेले. दौलू त्या हातांकडं बघत राहिला. शिवी दिली नाही, मारलं नाही. एवढंच विचारलं, "किती वेळ वाजवत होती?"

तातोबानं सांगितलं. काय सांगितलं, ते त्यानं पुढं कधीच कुणाला सांगितलं नाही. दौलू खाली पायरीवर बसला, आणि दिवस मावळंपर्यंत उठला नाही.

झाली गोष्ट. आता वाटेचं.

तुम्ही म्हणाल, न्याय झाला, मग ती खिंड आता मोकळी झाली असंल. नाही झाली. थाप अजून येते. गेल्या साली गुराखी सांगत होते, त्याच्या आधी जमीन मोजायला आलेले सर्वेवाले. तुम्ही तेव्हा जन्माला सुद्धा आला नव्हता, तिचं तुमच्याशी काही नाही, मान्य. पण रात्री तिथं थाप ऐकलीत तर तुम्ही चांगली पोरं आहात, उघडायला धावाल. दार शोधत सुटाल. आणि तिथं दार नाही, कडा आहे. म्हणून सांगतो, उद्या रस्त्यानं जा. लांबनं जा. दीड तास गेला तर जाऊ दे.

थाप का थांबली नाही, विचारता? सांगतो. शेंगा ठेवा खाली.

जज्जसाहेबांनी तातोबाला विचारलं होतं, त्या सकाळी वाड्यामागच्या अंगणात अजून कोण कोण होतं. त्यानं अकरा नावं सांगितली. पोलीस गावात आले, अकरा जणांचे जबाब घेतले. अकराही जण म्हणाले, आम्ही मागनं आलो, आम्ही काही ऐकलं नाही. पुरावा नव्हता. सोडून दिलं. त्यातले सात आता गेले. चार आहेत. त्या अकरांपैकी कुणी त्या दिवसानंतर भोकरखिंडीत पाऊल टाकलेलं नाही. रात्री तर नाहीच, भर दुपारी सुद्धा नाही. पाहुणा मेला तरी लांबच्या रस्त्यानं जातात.

मघापासनं तुमच्यातला एक जण माझ्या तोंडाकडं बघतोय. बघ. बरोबर ओळखलंस. तातोबानं मला सांगितलं ते खिंडीतलं. अंगणातलं सांगायची त्याला गरज नव्हती. मी सर्जेरावाच्या मागं उभा होतो. थाप मी पण ऐकली.

तीस वर्षं झाली. मी पण लांबनंच जातो.